विवाहित ख्रिस्ती माणसाचे हस्तमैथुन : पवित्र शास्त्र, परंपरा आणि पती-पत्नीचा एकमेकांवरचा हक्क

प्रश्न एका विवाहित भगिनीचा आहे. त्या वसईच्या कॅथलिक कुटुंबातल्या आहेत आणि त्यांचे पती अहिल्यानगरकडच्या एका प्रोटेस्टंट मंडळीतले. पती व्यापारी जहाजावर नोकरी करतात आणि वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर असतात. त्या काळात आपण हस्तमैथुन करतो, हे त्यांनी गेल्या सुट्टीत स्वतःहून पत्नीला सांगितले. पत्नीला तो विश्वासघात वाटतो. पतीचे म्हणणे असे, की बायबलमध्ये या कृत्याविरुद्ध एकही वचन नाही. शिवाय मूल होत नाही म्हणून दोघे डॉक्टरांकडे गेले असता पतीची वीर्यतपासणी करायला सांगितली गेली आहे, आणि तिच्यासाठी अशा रीतीने नमुना देणे हेही पापच का, असा त्यांचा दुसरा प्रश्न आहे. मी प्रोटेस्टंट पाळक असून बरीच वर्षे विवाहित जोडप्यांना समुपदेशन करतो. माझ्याकडे कॅथलिक जोडपीही पुष्कळ येतात, म्हणून दोन्ही परंपरांची भूमिका आधी जशीच्या तशी सांगतो आणि माझे स्वतःचे मत त्यानंतर देतो.

पतीचे विधान शब्दशः घेतले तर बरोबर आहे. पवित्र शास्त्रात हस्तमैथुनाचे नाव घेऊन त्याची निंदा करणारे वचन नाही. ज्या उताऱ्याचा आधार शतकानुशतके दिला गेला तो उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायातला, ओनानाचा. यहूदाचा थोरला मुलगा एर निपुत्रिक मेला, तेव्हा त्याची विधवा तामार हिच्यापासून भावाचा वंश चालवण्याची जबाबदारी ओनानावर आली. होणारे मूल आपले म्हणवले जाणार नाही हे ठाऊक असल्याने तो तिच्यापाशी जाई, पण वीर्य जमिनीवर पाडी. म्हणजे मुळात तो प्रसंग हस्तमैथुनाचा नाहीच, आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातला दिराच्या कर्तव्याचा नियम शेजारी ठेवून वाचले, तर त्याचा अपराध मेलेल्या भावाला आणि जिवंत तामारेला फसवण्याचा होता हे उघड होते. आजचे बहुतेक भाष्यकार तसेच मानतात. लेवीयाच्या १५व्या अध्यायात वीर्यपाताविषयी जे सांगितले आहे ते विधिसंबंधी अशुद्धतेचे आहे : स्नान करावे आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध असावे. पती-पत्नीच्या समागमालाही तिथे तोच नियम लावलेला आहे, त्यामुळे त्यातून नैतिक दोष काढता येत नाही. फार काय, या बाबतीत सर्वांत स्पष्ट भूमिका घेणाऱ्या रोमन कॅथलिक चर्चने २९ डिसेंबर १९७५ रोजी काढलेल्या लैंगिक नीतीवरच्या घोषणापत्रातही हे मान्य केले आहे, की शास्त्राने या पापाचा नावाने निषेध केल्याचे सिद्ध करता आले नाही, तरी नव्या करारात ‘अशुद्धता’ वगैरे शब्दांनी जो निषेध आहे त्यात याचा समावेश होतो असे परंपरेने योग्यच मानले आहे.

मात्र वचन नाही, म्हणून मोकळीक आहे, असे म्हणणारा माणूस शास्त्र कायद्याच्या पुस्तकासारखे वाचत असतो. मत्तयाच्या ५व्या अध्यायात प्रभू येशूने कामेच्छेने परस्त्रीकडे पाहणाऱ्याला मनात व्यभिचार केल्याचा दोष लावला, तेव्हा कृतीच्या आधी मनात काय चालते याकडे त्याने लक्ष वेधले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये इंद्रियदमन येते. आणि विवाहितांपुरता सर्वांत नेमका उतारा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात आहे. त्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे, कारण माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

त्याआधी परंपरेच्या कडकपणाचा उगम पाहिला पाहिजे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या धर्मशिक्षकाने वीर्य व्यर्थ दवडू नये असे शिकवले. चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनने विवाह चांगला ठरवला, पण समागमाचे समर्थन मुख्यतः संततीच्या हेतूने केले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने या विचाराची रीतसर मांडणी केली. ज्या कामकृत्यांतून निसर्गतः संतती होऊच शकत नाही त्यांना त्याने ‘निसर्गाविरुद्ध’ या वर्गात घातले आणि प्रकार म्हणून तो वर्ग व्यभिचार व बलात्कार यांच्याही वर ठेवला, जरी त्या वर्गात हस्तमैथुनाला त्याने सर्वांत खालची जागा दिली. या क्रमवारीत ज्या स्त्रीवर अत्याचार होतो तिचे दुःख जवळजवळ मोजलेच जात नाही, हे आज कुणाच्याही लक्षात येईल, आणि मला तो त्या मांडणीचा मोठा दोष वाटतो. आमच्या प्रोटेस्टंट लोकांचा असा समज असतो की हा सगळा कडकपणा रोमचा. पण प्रोटेस्टंट पंथाचे सोळाव्या शतकातले अग्रणी लूथर आणि कॅल्विन या दोघांनीही उत्पत्तीवरच्या भाष्यांत ओनानाच्या कृत्यावर अत्यंत कठोर शब्द वापरलेले आहेत.

अठराव्या शतकात त्यात वैद्यकाची भर पडली. लंडनमध्ये एका निनावी पुस्तिकेने आणि १७६० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तिसो नावाच्या डॉक्टरने हस्तमैथुनाने शरीर व बुद्धी खंगते असा धाक घातला, आणि पाप व रोग यांची अशी सरमिसळ झाली की ती दोनशे वर्षे सुटली नाही. आपल्याकडे तिला वीर्यनाशाची जुनी भीती येऊन मिळाली. रेल्वेरुळालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘धातुक्षय’ यांच्या जाहिराती वाचत मोठा झालेला ख्रिस्ती मुलगा जेव्हा अपराधी भावनेने माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्यातली किती भावना शास्त्रातून आली आणि किती त्या भिंतींवरून, हे वेगळे करण्यातच पहिली एक-दोन सत्रे जातात. भारतीय मनोविकारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या भीतीतून येणाऱ्या तक्रारींना ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. हस्तमैथुनाने अशक्तपणा, वंध्यत्व किंवा वेड येत नाही. भगिनी, मूल न होण्याचा संबंध आपण पतीच्या या सवयीशी जोडत असाल, तर ती शंका मनातून काढून टाकावी.

आता आपल्या स्वतःच्या, म्हणजे कॅथलिक परंपरेची आजची भूमिका. १९७५च्या त्या घोषणापत्राने हस्तमैथुनाला स्वभावतःच गंभीररीत्या विपरीत कृत्य म्हटले आणि चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाने परिच्छेद २३५२ मध्ये तेच कायम ठेवले. ही शिकवण अविवाहितांसाठीच आहे अशी काही जोडप्यांची समजूत असते, पण घोषणापत्राचे म्हणणे असे की पती-पत्नीच्या स्वाभाविक संबंधाबाहेर कामशक्तीचा जाणूनबुजून केलेला वापर, हेतू कोणताही असो, तिच्या उद्देशाच्या विरुद्ध जातो. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी संततिनियमनावरच्या परिपत्रात सांगितलेले तत्त्व इथेही लागू होते : समागमातले ऐक्य आणि त्यातली जननक्षमता माणसाने एकमेकांपासून तोडू नयेत. एकट्याने केलेल्या कृत्यात दोन्हींपैकी काहीच नसते. म्हणून पती जहाजावर असला, मनात पत्नीचेच स्मरण असले, पत्नीची संमती असली, तरी कॅथलिक शिकवणीप्रमाणे कृत्याचे स्वरूप बदलत नाही.

परंतु त्याच परिच्छेदाचा उत्तरार्ध पुष्कळदा सांगितलाच जात नाही. भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय, चिंता किंवा इतर मानसिक व सामाजिक कारणे यांमुळे त्या व्यक्तीचा नैतिक दोष कमी होऊ शकतो, अगदी अत्यल्पही असू शकतो, असे तिथे म्हटले आहे. ‘प्राणघातक’ म्हणजे सर्वांत गंभीर पापासाठी विषय गंभीर असणे, पुरते ज्ञान असणे आणि मनापासून संमती असणे या तिन्ही गोष्टी लागतात, हे कॅथलिक धर्मशिक्षणात लहान मुलांनाही शिकवले जाते. तेव्हा कृत्य चूक आहे असे मानणारा धर्मगुरूही ते करणाऱ्या विशिष्ट माणसाचा दोष किती, हे त्याचे ऐकून घेतल्यावरच ठरवू शकतो. दूर बसलेल्या मलाही ते ठरवता येणार नाही, आणि आपणही ते पतीच्या वतीने ठरवू नये.

आणखी एक गोष्ट कॅथलिक भगिनींना सहसा कुणी सांगत नाही. पती-पत्नीच्या समागमाचा भाग म्हणून एकमेकांना हाताने स्पर्शसुख देणे या परंपरेत निषिद्ध नाही. पत्नीला समागमात तृप्ती मिळाली नसेल, तर त्याला जोडूनच ती अन्य स्पर्शाने, स्वतःच्याही, मिळवण्यास हरकत नाही, हे मत अठराव्या शतकातले संत आल्फोन्सस लिगोरी यांच्यासारख्या नीतिशास्त्रज्ञाने ग्राह्य धरले होते. १९५१ मध्ये सुईणींपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट म्हटले की हे सुख निर्मात्याने ठेवलेले आहे आणि पती-पत्नी ते शोधतात यात काही वाईट नाही. म्हणजे कॅथलिक शिकवणीचा रोख स्पर्शावर किंवा सुखावर नाही. समागमापासून पूर्णपणे सुटे केलेल्या कृत्यावर आहे. पुरुषांविषयीचे प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतात, स्त्रिया स्वतःविषयी मात्र क्वचितच विचारतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ऑर्थोडॉक्स परंपरेत, जिच्यातली मूळची केरळची मलंकारा मंडळी मुंबई-पुण्यातही आहेत, हा विषय कायद्यापेक्षा आध्यात्मिक आजाराच्या भाषेत बोलला जातो. ते वासनेच्या आहारी जाणे आहे असे मानतात, पण त्यावर उपास, प्रार्थना आणि आध्यात्मिक पित्याचे मार्गदर्शन यांतून उपाय करायचा असतो, आणि तो माणूस पाहून ठरतो.

प्रोटेस्टंटांत एकच अधिकृत उत्तर नाही, कारण ते देणारे एकच पीठ नाही. १९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी विवाहात मर्यादित प्रमाणात संततिनियमनाला मान्यता दिली, आणि त्यानंतर ‘संततीची शक्यता तोडणारे प्रत्येक कृत्य पाप’ हा आधार बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत हळूहळू उरला नाही. मग प्रश्न वासना, गुप्तता आणि आत्मसंयम यांच्याकडे वळला. अमेरिकेतले ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन, जे इतर बाबतींत कट्टर म्हणूनच ओळखले जात, त्यांनी किशोरांच्या संदर्भात हा देवापुढचा फार मोठा प्रश्न नसावा असे मत दिले आणि त्यावरून त्यांच्याच वर्तुळातल्या पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. दुसऱ्या टोकाला, कल्पनेतल्या वासनेवाचून हे कृत्य घडतच नाही म्हणून ते नेहमीच पाप, असे शिकवणारे पाळक आपल्याकडेही आहेत. या दोन्हींपेक्षा मला ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांनी १९५६ मध्ये एका पत्रात मांडलेला विचार अधिक उपयोगी वाटतो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कामवासना माणसाला स्वतःच्या बाहेर काढून दुसऱ्या माणसाकडे नेण्यासाठी आहे. हस्तमैथुन तिला उलटे फिरवून आत नेते आणि तिथे कल्पनेतल्या स्त्रियांचा जनानखाना उभा राहतो, ज्या काही मागत नाहीत, कधी नकार देत नाहीत आणि म्हणून खऱ्या पत्नीपेक्षा सोप्या वाटू लागतात. विवाहितांच्या बाबतीत हे किती खरे ठरते ते मी पाहिले आहे.

माझे मत करिंथकरांच्या पत्रावर उभे आहे. करिंथमधल्या काही विश्वासणाऱ्यांना वाटू लागले होते की आध्यात्मिक माणसाने पत्नीपासूनही दूर राहावे. त्यांना पौल सांगतो, की पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला त्याचा हक्क द्यावा. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा आहे. प्रार्थनेसाठी, दोघांच्या संमतीने, काही काळापुरते दूर राहण्याखेरीज एकमेकांना वंचित ठेवू नये. पतीचा पत्नीवर अधिकार आहे हे त्या काळच्या कुणालाही नवे नव्हते. पत्नीचा पतीच्या शरीरावर तितकाच अधिकार आहे, हे वाक्य मात्र ऐकणाऱ्यांना दचकवणारे असणार. आपल्या मंडळ्यांमध्ये या उताऱ्याचा पहिला अर्धा भाग पत्नीला गप्प करण्यासाठी वापरला जातो, ही लाजेची गोष्ट आहे. जिथे दोघांच्या संमतीवाचून प्रार्थनेसाठीसुद्धा दूर राहता येत नाही, तिथे एकाच्या संमतीवाचून जवळ येता येते असा अर्थ काढणे म्हणजे पौलाला तोंडघशी पाडणे होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही लैंगिक छळाला हिंसाचारच मानले आहे.

हा उतारा समोर ठेवला, की विवाहितासाठी प्रश्न असा होतो : या कृत्याने मी माझ्या जोडीदाराच्या वाट्याचे काही काढून घेतो आहे का? बायको शेजारच्या खोलीत असताना, तिच्याशी बोलायचे टाळून, रात्री फोनवर अश्लील चित्रफिती पाहत हस्तमैथुन करणारा पती तिला वंचित ठेवतो आहे यात मला शंका नाही, आणि तो पाप करतो आहे असे मी त्याला सांगतो. तिथे मत्तयाचे वचनही लागू होते, कारण पडद्यावरची स्त्री कुणाची तरी मुलगी आहे आणि बऱ्याचदा तिथे तिच्या मर्जीने आलेली नसते. पत्नी आजारी आहे, बाळंतीण आहे, किंवा अपघाताने एकाला समागम अशक्य झाला आहे, आणि दोघांनी मोकळेपणाने बोलून एकमेकांना किंवा स्वतःला आराम देण्याचा मार्ग ठरवला आहे, अशा जोडप्याला मी दोष देत नाही. कॅथलिक शिकवण त्यातला समागमाशिवायचा भाग मान्य करणार नाही आणि कॅथलिक जोडप्याला मी ते लपवून सांगत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ८ ऑक्टोबर १९८० च्या प्रवचनात, पती स्वतःच्या पत्नीकडेही केवळ वासना शमवण्याची वस्तू म्हणून पाहू लागला तर तोही मनातला व्यभिचार होऊ शकतो, असे म्हटले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. पण पौलाच्या त्या उताऱ्याचे इतके नेमके भाष्य मी प्रोटेस्टंट व्यासपीठावरून फारसे ऐकलेले नाही.

आपल्या पतीचा प्रसंग या दोन टोकांच्या मधला आहे. ते दूर आहेत ते चरितार्थासाठी, आणि तो निर्णय दोघांचा आहे. तेव्हा समुद्रावर असताना ते आपल्याला समागमापासून वंचित ठेवत नाहीत. त्यांनी गोष्ट लपवली नाही, विचारल्याशिवाय सांगितली, हेही लहान नाही. माझ्या मते हा व्यभिचार नाही, आणि मत्तयाच्या १९व्या अध्यायात सूटपत्राच्या, म्हणजे घटस्फोटाच्या, संदर्भात ज्या जारकर्माचा उल्लेख आहे त्याच्याशी याची तुलना करू नये. तरीही पतीने केवळ ‘वचन दाखव’ म्हणून विषय संपवू नये. मी त्यांना दोन गोष्टी विचारीन. त्या वेळी मनात आणि फोनवर कोण असते? आणि सुट्टीत घरी आल्यावर ती सवय सुटते, की पत्नी जवळ असूनही सुरूच राहते? पहिल्याचे उत्तर ‘अनोळखी स्त्रिया’ किंवा दुसऱ्याचे ‘सुरू राहते’ असे असेल, तर आपले दुःख रास्त आहे आणि ती सवय सोडण्यासाठी त्यांनी मदत घ्यावी; अश्लील चित्रफितींचे व्यसन एकट्याच्या निश्चयाने क्वचित सुटते. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर उरतो तो दोन सद्सद्विवेकांचा फरक, आणि त्याच्यासाठी रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय आहे : ज्याला जे पाप वाटते त्याने ते करू नये, आणि आपल्या मोकळिकीने दुसऱ्याला ठेच लागू देऊ नये. पत्नीच्या मनाला यातना होतात हे कळल्यावर पतीने स्वतःहून मर्यादा घालणे हे प्रेमाचे लक्षण होईल. पण ते पत्नीने धाक घालून मिळवायचे नाही. आणि विरहाच्या काळात जवळीक राखण्यासाठी व्हिडिओ कॉलवर शरीर दाखवण्याचा विचार कुणी सुचवला, तर केवळ नीतीच्याच नव्हे, सुरक्षिततेच्या कारणानेही नकार द्यावा. जहाजावरचे इंटरनेट सामायिक असते आणि एकदा साठवले गेलेले चित्र परत घेता येत नाही.

वीर्यतपासणीविषयी दोन्ही परंपरा पुन्हा वेगळ्या आहेत. बहुतेक प्रोटेस्टंट पाळक यात काही दोष पाहत नाहीत, आणि मीही पाहत नाही. तपासणी दोघांच्या संमतीने आणि संततीसाठीच होते आहे, पत्नीच्या वाट्याचे त्यात काहीच काढून घेतले जात नाही. कॅथलिक चर्चने मात्र १९२९ मध्ये, रोगनिदानासाठी वीर्य मिळवायला हस्तमैथुन चालेल का या थेट प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिले, आणि १९५६ मध्ये बारावे पायस यांनी त्याचा पुनरुच्चार केला. आपल्याला ती शिकवण पाळायची असेल, तर तपासणी टाळण्याची गरज नाही. वीर्याला अपाय न करणारा विशिष्ट प्रकारचा निरोध मिळतो. त्याला बारीक छिद्र पाडून, म्हणजे गर्भधारणेची वाट बंद न करता, घरी समागम करायचा आणि त्यातला नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, ही पद्धत कॅथलिक डॉक्टर वापरतात. बाजारातला नेहमीचा निरोध चालत नाही, कारण त्याच्या रबराने आणि वंगणाने शुक्रजंतू मरतात. आधी दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा, नमुना अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावा, आणि छिद्रामुळे काही भाग गेला असल्याचे प्रयोगशाळेला आधी सांगावे, म्हणजे प्रमाण कमी दिसल्यास अर्थ चुकीचा लावला जाणार नाही. वसईहून मुंबईतल्या प्रयोगशाळेत नमुना नेण्यात तासभर सहज जातो, म्हणून जवळची प्रयोगशाळा पाहावी. पतीला ही पद्धत अवघड वाटेल. पण इथे आपल्या सद्सद्विवेकासाठी त्यांनी थोडी गैरसोय सोसावी असे मी त्यांना सांगीन. ही तपासणी पतीच्या पुढच्या सुट्टीतच होऊ शकते, तेव्हा ते जहाजावरून घरी निघण्याआधीच डॉक्टरांना फोन करून असा निरोध मागवून ठेवावा, आणि पुढे कृत्रिम गर्भधारणेचा सल्ला मिळाला तर तो स्वीकारण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंना भेटावे, कारण त्या बाबतीत कॅथलिक शिकवण वीर्यतपासणीपेक्षाही कडक आहे.